हात बधिर होत होते, चूक सीटमध्ये होती

आवाज येतोय ना नीट? पंखा बंद करून रेकॉर्ड करतेय, त्यामुळे मध्येच घाम पुसायला थांबले तर सांभाळून घ्या.

गेल्या दोन महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवलाय. "ताई, नवीन रोड बाइक घेतली, आता सेटिंग कसं करू?" तर आज तेच. फक्त मी सायकलच म्हणणार हं. बाइक म्हटलं की आमच्या आईला पेट्रोलचा भाव आठवतो.

आणि हे शिकवण्याचा मला फार अधिकार आहे असं नाही. मी माझी पहिली रोड सायकल इतकी चुकीची लावली होती की माझ्या कामावरच बेतलं. तेच सांगते.

नव्या श्रोत्यांसाठी, मी नाशिकची. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सातला उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग असते ना, त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला सुई घेऊन बसलेली असते ती मी. आमच्या गावाला सायकलचं वेड आहे. 2015 साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ दोघांची टीम म्हणून पूर्ण केली, तेव्हापासून तर रविवारी पहाटे त्र्यंबक रोडला जाऊन बघा, हेल्मेटंच हेल्मेटं. मलाही वाटायचं, आपणही एकदा 200 किलोमीटरची बीआरएम करावी. साडेतेरा तासांत 200. दोन वर्षं पैसे साठवले आणि सायकल ऑनलाइन मागवली.

इथे पहिली चूक झाली, खोकं यायच्या आधीच. माझी उंची 158 सेंटिमीटर. कंपनीच्या तक्त्यात माझ्यासमोर एक्स्ट्रा स्मॉल लिहिलं होतं. तो साइज स्टॉकमध्ये नव्हता, स्मॉल होता. म्हटलं, एका साइजनं काय फरक पडतो? ड्रेस थोडा सैल आला तर टीप मारतोच की आपण. सायकलला टीप मारता येत नाही. सीट वरखाली होते, पण फ्रेमची लांबी, म्हणजे सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर, ते थोडंफारच बदलता येतं. साइज नसेल तर थांबा. महिनाभर थांबा, पण थांबा.

खोकं आलं. अशा सायकली बहुतेक जोडलेल्याच येतात, आपण पुढचं चाक, हँडल, सीट आणि पेडल बसवायची. मी हॉलमध्ये चादर अंथरली, मोबाइलवर व्हिडिओ लावला. बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. बाबा सातपूर एमआयडीसीत फिटर होते, तीस वर्षं. ड्यूटीला जायचे तेही सायकलवरच, काळी, लोखंडी, मोठी कॅरिअरवाली. मी डावं पेडल जोर लावून फिरवायला लागले आणि पेपराच्या मागून आवाज आला, "थांब. उलटे आटे आहेत त्याला."

हे तुम्हीही लक्षात ठेवा. उजवं पेडल नेहमीसारखं, घड्याळाच्या दिशेनं घट्ट होतं. डाव्याचे आटे उलटे, ते उलट्या दिशेनं घट्ट होतं. पेडलवर इंग्रजी एल आणि आर कोरलेलं असतं ते बघायचं. आधी आट्यांना बोटभर ग्रीस, मग हातानं दोन-तीन फेरे सहज बसले पाहिजेत, आणि मगच पाना. क्रँक ॲल्युमिनियमचा असतो, वाकडं पेडल जोर लावून घुसवलं तर आटे जातात आणि अख्खा क्रँक बदलावा लागतो. बाबा घरी नसते तर माझा गेलाच होता.

पण मी तेव्हा सव्वीस वर्षांची आणि दहा व्हिडिओ बघितलेली. म्हटलं, बाबा, तुमची सायकल वेगळी, ही वेगळी. ते गप्प बसले. पुढचं सगळं मी एकटीनं केलं.

सीटची उंची काढायचं एक प्रसिद्ध गणित आहे. ग्रेग लेमाँड नावाचा अमेरिकन सायकलपटू होता, 1986, 1989 आणि 1990 अशी तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेला. 1989 ची तर फक्त 8 सेकंदांनी. त्याच्या नावानं ओळखलं जाणारं गणित असं: पायाच्या आतल्या बाजूची लांबी, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंत, गुणिले 0.883. जे उत्तर येईल तेवढं अंतर क्रँक जिथे फिरतो त्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या पाइपाच्या रेषेत मोजायचं.

मी मोजलं 76. गुणाकार केला, 67.1. सीट लावली 67 वर. एकदम प्रो!

पहिल्या रविवारी गंगापूर धरणापर्यंत गेले. मस्त वाटलं. दुसऱ्या रविवारी त्र्यंबकच्या रस्त्यावर पंधरा किलोमीटर झाले आणि बसायला नको झालं. म्हणजे, तुम्हाला कळलं कुठे ते. रोड सायकलची सीट असतेच अरुंद, सवय होईल म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या रविवारीही तेच. मग मी सीटचं नाक खाली केलं. बोल्ट सैल केला, पुढचा भाग चांगला बोटभर खाली झुकवला. आणि काय सांगू, जादू! पुढचं दुखणं गायब. वर जेलचं कव्हर घातलं. टायरवर जास्तीत जास्त 115 पीएसआय लिहिलं होतं, म्हणून हवा मारली 100. जितकी टणक तितकी फास्ट, असं डोक्यात.

साधारण महिन्यानं करंगळीला मुंग्या यायला लागल्या. करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट, दोन्ही हातांना, उजव्याला जास्त. सायकलवरून उतरलं की दहा मिनिटांत जायच्या. मग अर्ध्या तासानं जायला लागल्या. मग दुपारी. मी काय केलं असेल? जाड पॅडचे ग्लोव्हज घेतले. हँडलला दुप्पट टेप गुंडाळली. हात दुखतात म्हणजे हाताखाली मऊ पाहिजे, सरळ हिशोब.

मग एका सोमवारी सकाळी एक आजी समोर बसल्या होत्या. वय झालं की शिरा अशा निसटत्या होतात, फार हलक्या हातानं पकडावं लागतं. मी सुई घेतली, हात टेकवला, आणि मला माझी करंगळी त्यांच्या मनगटावर टेकलीये की नाही हेच कळेना. बघितलं तर टेकलेली होती. मला जाणवतच नव्हती.

मी सुई खाली ठेवली. आजी म्हणाल्या, "काय झालं गं पोरी?" मी म्हटलं काही नाही आजी, आणि शेजारच्या सहकाऱ्याला बसवलं. आत जाऊन पाचएक मिनिटं नुसती बोटं चोळत उभी होते. ज्या कामावर घर चालतं ते हात आपण छंदापायी घालवतोय की काय, असं वाटलं. खरंच घाबरले होते.

डॉक्टरांनी दोन मिनिटांत ओळखलं. कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच नस. अल्नर नर्व्ह. ती मनगटापाशी तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं एका अरुंद जागेतून जाते. हँडलवर तासन् तास नेमका तिथेच भार पडला की नस दबते. सायकल चालवणाऱ्यांमध्ये हे नेहमीचं आहे. तीन आठवडे सायकल बंद. आणि हे मी तुम्हालाही सांगतेय: उतरल्यावर मुंग्या लगेच जात नसतील, किंवा पकड कमजोर वाटत असेल, तर माझ्यासारखं ग्लोव्हज शोधत बसू नका, डॉक्टरांना हात दाखवा.

तीन आठवडे सायकल हॉलमध्ये भिंतीला टेकून उभी. एका संध्याकाळी बाबा तिच्याभोवती फिरले. मी त्यांना सांगायला लागले, बाबा, इथे दुखतं, मग तिथे बधिर होतं. ते म्हणाले, "मशीन कुठे वाजतंय ते नंतर सांग. तू काय काय बदललंस, कधी बदललंस, तेवढं सांग आधी."

मी सांगितलं. सीटचं नाक खाली, जेल कव्हर, हवा, ग्लोव्हज, टेप. त्यांनी कपाटातून पाणसळ काढली आणि सीटवर ठेवली. बुडबुडा पार एका टोकाला. म्हणाले, "ही घसरगुंडी आहे. तू पेडल मारतेस कमी, स्वतःला मागे ढकलतेस जास्त. कशानं ढकलतेस? हातानं."

बस. एवढंच होतं ते. नाक खाली म्हणून मी सतत पुढे घसरत होते आणि हातांनी स्वतःला रोखून धरत होते. पण मग मी विचारलं, नाक खाली नाही केलं तर पुढे दुखतं, त्याचं काय? तर म्हणाले, ते का दुखत होतं ते शोध. उंची कशी मोजलीस?

मी मोजून दाखवलं. आणि तेव्हा लक्षात आलं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा माझ्या पायात बूट होते. स्पोर्ट्स शूज, तीन सेंटिमीटरचा सोल. खरं माप निघालं 73. गुणिले 0.883, म्हणजे साडेचौसष्ट. माझी सीट अडीच सेंटिमीटर जास्त उंच होती! सीट उंच असली की पेडल खाली जाताना पाय पुरत नाही, मग कंबर डावी-उजवी डोलते, आणि दर फेऱ्याला नाजूक जागेवर घासतं. तिथून दुखणं, तिथून नाक खाली, तिथून हात. बूट काढायला विसरले म्हणून करंगळी गेली. (हसते) आता हसतेय, तेव्हा रडू आलं होतं.

तर आता नीट कसं मोजायचं ते सांगते. अनवाणी, पाठ भिंतीला, पायांत साधारण वीतभर अंतर. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये धरून वर दाबायचं, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा. स्पर्धा परीक्षेचं एखादं ठोकळा पुस्तक घरात असतंच, त्याचा काहीतरी उपयोग होऊ द्या. पुस्तक आडवं सरळ आहे ना हे दुसऱ्या कोणीतरी बघायचं आणि भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायची. तीनदा मोजायचं. आणि गुणाकार करून आलेला आकडा म्हणजे काही वेदवाक्य नाही. ते गणित त्या काळच्या बुटांचं आणि पेडलांचं आहे. ती फक्त सुरुवात. पडताळा असा: कोणालातरी सायकल धरायला सांगा, सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. टाचेनं पाय जेमतेम सरळ व्हायला हवा, कंबर न कलता. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. सीटचा पाइप वर घेताना त्यावर कमीत कमी किती आत हवा त्याची रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये.

उंची झाली की पुढे-मागे. हा क्रम उलटा करू नका, कारण सीटचा पाइप तिरका असतो. सीट खाली आली की ती थोडी पुढेही येते. माझी जवळजवळ सात मिलिमीटर पुढे आली होती. यासाठी बाबांनी चक्क ओळंबा काढला, गवंडी लोकांचा असतो तो, दोरीला वजन. पेडल आडवं, म्हणजे घड्याळातल्या तीनवर ठेवायचं, आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यापासून दोरी सोडायची. ती पेडलच्या दांड्याच्या आसपास पडली पाहिजे. दोरीला कुठलंही नटबोल्ट बांधलं तरी चालतं. या ओळंब्याच्या नियमाला फार शास्त्रीय आधार नाही असं कीथ बाँट्रॅगर या सायकल बनवणाऱ्या माणसानं पूर्वीच सविस्तर लिहून ठेवलंय, आणि ते बरोबरच आहे. पण नवख्याला कुठून तरी सुरुवात करावी लागते. खरी परीक्षा वेगळी: कोणीतरी सायकल घट्ट धरलीये, तुम्ही हँडलवर ओणवे आहात, आता दोन्ही तळहात हँडलवरून जरासे उचला. तसेच राहता आलं तर भार सीटवर आणि पायांवर आहे. धपकन पुढे पडलात तर तो हातांवर आहे. माझी पहिल्यांदा काय अवस्था झाली असेल ते सांगायला नकोच.

सीट पाणसळीला सरळ केली. आता कोणी विचारेल, सरळ केल्यावर पुन्हा दुखलं नाही? उंची बरोबर झाल्यावर नाही. जेल कव्हर काढून टाकलं, त्यात माणूस रुततो आणि नको तिथे दाब येतो. पुढे सीटसुद्धा बदलली, थोडी रुंद घेतली. आपल्या बसायच्या दोन हाडांमधलं अंतर मोजता येतं. नालीदार पुठ्ठ्यावर दोन मिनिटं पुढे वाकून बसायचं, दोन खळगे उमटतात.

बाबांचा एक नियम मला सुरुवातीला फार जाच वाटला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाच-सहा राइड करायच्या, मग दुसरी. आधीची खूण पांढऱ्या मार्करनं करून ठेवायची आणि वहीत तारीख घालायची. मला तर सगळं एकाच रविवारी करून टाकायचं होतं. पण सगळं एकदम बदललं तर बरं कशानं वाटलं हे कसं कळणार? त्यामुळे हँडलचा नंबर दीड महिन्यानं आला.

फ्रेम मोठी घेतल्याचा दंड तिथे भरला. स्टेम, म्हणजे हँडल जिच्यात धरलेलं असतं ती मान, 90 मिलिमीटरची होती. 70 ची लावली. दीड हजारात काम झालं. त्याच्या आधी मी जीपीएसवाला कॉम्प्युटर, गॉगल आणि मॅचिंग बाटल्यांवर त्याच्या कितीतरी पट घातले होते, ते आठवून आजही वाईट वाटतं.

स्टेम घरी बदलणार असाल तर कान देऊन ऐका, इथे पडायचा धोका आहे. वर मधोमध जो एक बोल्ट असतो तो हँडल धरून ठेवत नाही. तो फक्त आतल्या बेअरिंगमधली ढिलाई काढतो. हँडल धरतात ते बाजूचे दोन बोल्ट. म्हणून आधी बाजूचे सैल, मग वरचा हलका आवळायचा, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवायची. मानेत खटखट लागली तर वरचा जरा आणखी. हँडल जड फिरायला लागलं तर जास्त झाला. मग चाक आणि हँडल एका रेषेत आणून बाजूचे दोन आलटून पालटून आवळायचे. शेवटी पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरा आणि हँडल पिळून बघा. फिरता कामा नये.

किती आवळायचं? स्टेमवर लिहिलेलं असतं, बऱ्याचदा 5 न्यूटन मीटर. मी बाबांना विचारलं, म्हणजे नक्की किती? ते म्हणाले, एक मीटर लांब पान्याच्या टोकाला अर्धा किलो साखर लटकव, तेवढं. आपली ॲलन की दहा सेंटिमीटरची धरली तर पाच किलोचा जोर. फार नाही तो. आणि कार्बनचा भाग असेल तर हातच्या अंदाजावर जाऊच नका, टॉर्क रेंच मागून आणा. कार्बन वाकून इशारा देत नाही, तडकतो. तीस वर्षं हातानं आवळलेला माणूस हे सांगतोय बरं का.

हवा. टायरवरचा आकडा ही वरची मर्यादा असते, तेवढी भरा असा हुकूम नसतो. माझं वजन 54 किलो, टायर 28 मिलिमीटरचे. आता मी पुढे 55 आणि मागे 60 ठेवते. रस्त्याचे हादरे टायर खातो, तळहात नाही. त्र्यंबक रोडवर, विशेषतः पावसाळ्यानंतर, तुम्हाला फरक आपोआप कळेल. वजन जास्त असेल किंवा टायर बारीक असेल तर अर्थातच हवा जास्त लागेल. आणि रोड सायकलला बहुतेक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, बारीक, वर छोटी चकती फिरवून उघडायचा. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पाइप त्याला बसत नाही. छोटासा पितळी अडॅप्टर मिळतो, तो खिशात ठेवा.

बाकीचं भराभर. पहिल्यांदा निघण्याआधी कुठला लिव्हर पुढच्या ब्रेकचा आहे ते उभ्या उभ्या दाबून बघा. स्कूटरवर उजवा हात पुढचा असतो, सायकलवर तसं असेलच असं नाही. हायड्रॉलिक डिस्क असेल तर चाक काढलेलं असताना ब्रेक दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात. नवीन डिस्क ब्रेक सुरुवातीला लागत नाहीत, मोकळ्या रस्त्यावर वीसएकदा वेग घेऊन हळूहळू कमी करा, मग पकड येते. आठ-दहा राइडनंतर गिअर कुरकुरायला लागले तर घाबरू नका, नवी केबल बसते थोडी. मागच्या गिअरपाशी केबलवर हातानं फिरवायची बॅरल असते, ती पाव-पाव फेरा फिरवून बघा. खोक्यातून येताना गिअरचा हूक वाकला असेल तर मात्र दुकानातच न्या. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, घंटी, एक जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, छोटा पंप, ॲलन कीचा संच. हेल्मेटबद्दल मी बोलत नाही, ते घातलेलंच आहे असं धरते.

करंगळी पूर्ण बरी झाली का, हे तुम्ही विचारणारच. झाली. सायकल थांबवल्यावर तिसऱ्या आठवड्यात स्पर्श परत आला आणि नंतर गेला नाही. त्या आजी तीन महिन्यांनी पुन्हा शुगर तपासायला आल्या होत्या. मीच काढलं त्यांचं रक्त, एका टोच्यात.

बीआरएम अजून व्हायची आहे. मागच्या महिन्यात 120 केले, तर शेवटी उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं. वहीत लिहून ठेवलंय, सीट तीन मिलिमीटर वर घेतलीये, आणि आणखी चार राइड झाल्याशिवाय दुसरं काही बदलायची मला परवानगी नाही. शनिवारी लॅबमधल्या त्या सहकाऱ्याची नवी सायकल येतेय. खोकं आमच्याच हॉलमध्ये उघडायचं ठरलंय. बाबांनी ओळंब्याची दोरी बदलून ठेवलीये.